सबर आणि खातरजमा

'सबूर' हा शब्द आजच्या मराठीत मोजक्याच जागी उरला आहे. ऐतिहासिक नाटकात एखादे पात्र तलवारीला हात घालते तेव्हा दुसरे त्याला 'सबूर!' म्हणून थांबवते. वर्तमानपत्रांचे अग्रलेख कधी सरकारला, कधी विरोधकांना सबुरीचा सल्ला देतात. आणि शिर्डीच्या साईबाबांच्या तसबिरीखाली 'श्रद्धा' या संस्कृत शब्दाला लागून 'सबुरी' हा अरबी मुळाचा शब्द कित्येक दशके निमूट बसलेला आहे. त्या जोडीपुढे हात जोडताना तो शब्द कुठून आला हे फारसे कोणी विचारत नाही. शब्द पुरता मराठी झाल्याची ती खूणच म्हणायची.

आम्ही सोलापूरचे. घरात दखनी, शाळेत मराठी, गल्लीच्या एका टोकाला कानडी आणि दुसऱ्या टोकाला तेलुगू अशा वातावरणात आमचे कान तयार झाले. पुढे उपजीविकेसाठी मराठी साहित्य शिकवू लागलो. घरातल्या दखनीत हा शब्द 'सबर' असा येई, आणि दिवसातून अनेकदा येई. चुलीवरचे दूध तापायला वेळ लागला तरी सबर, रोजा सोडायला दोन मिनिटे उरली असली तरी सबर, आणि दारातून मय्यत उठत असली तरीही सबर. इतक्या लहानमोठ्या प्रसंगांना पुरणाऱ्या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न आम्हांला पन्नाशीपर्यंत पडला नव्हता. २०२० च्या मे महिन्यात अम्मा गेली, आणि तो पडला. ज्या शब्दाने आयुष्यभर दुसऱ्यांचे सांत्वन केले तो आपल्यावर येऊन आदळला, की त्याचे वजन कळते. त्या वजनाविषयी काही लिहावे म्हणून हा लेख.

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण आमचा धंदाच तो आहे.

अरबीत 'सब्र' या धातूचा मूळ अर्थ रोखून धरणे, बांधून ठेवणे असा आहे. भाष्यकार सांगतात की जिभेला तक्रारीपासून, हाताला आततायीपणापासून आणि मनाला सैरभैर होण्यापासून आवरणे म्हणजे सब्र. त्याच अक्षरांपासून बनलेला एक शब्द कोरफडीच्या कडू रसाला, म्हणजे आपल्या काळ्या बोळाला, लावतात. सब्राचे फळ गोड असते असे सांगणाऱ्या म्हणी आपण ऐकतो. खुद्द शब्दाच्या शेजारघरी मात्र कडूपणा राहतो हे अरबी भाषेला ठाऊक आहे.

'इमान' हा दुसरा शब्द. मूळ अर्थ श्रद्धा. मराठीत येताना त्याने आपला रोख वळवला: देवाकडून तो धन्याकडे, मित्राकडे, खाल्ल्या मिठाकडे वळला. मराठी माणूस 'बेइमान' म्हणतो तेव्हा समोरच्याच्या आस्तिकतेविषयी त्याला काही म्हणायचे नसते. याच धातूपासून 'अमानत' आले, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. आणि मराठीने अक्षरांची अदलाबदल करून त्याचे 'अनामत' केले. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते ती अनामत रक्कम आणि मुसलमानाचे ईमान ही एकाच घरची भावंडे आहेत. 'बला' हाही असाच. कुराणात तो परीक्षा, कसोटी या अर्थाने येतो. मराठीत बला 'टळते', म्हणजे तिच्यातून पार पडण्यापेक्षा ती चुकवण्याकडे आपला कल. भाषेने केलेला हा बदल मोठा मानवी आहे.

मात्र आम्हांला सर्वांत गुंतवून ठेवणारा शब्द 'खातरजमा'. 'खातिर' म्हणजे मन, अंतःकरण. आपली 'खात्री' त्यातूनच निघाली. 'खातिर जमा' म्हणजे पांगलेले मन एकत्र गोळा होणे, चित्त ठिकाणावर येणे. आज मराठीत आपण बातमीची, कागदपत्रांची खातरजमा करतो. म्हणजे पडताळून पाहतो. पडताळा आणि चित्ताची स्वस्थता हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात, हे समजायला इब्राहीम पैगंबरांची कुराणातील कथा उपयोगी पडते. मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव, अशी मागणी ते अल्लाहकडे करतात. तुझा विश्वास नाही का, असे विचारल्यावर ते विश्वास असल्याचे सांगतात. हवी आहे ती मनाची स्वस्थता. त्यांना दटावले जात नाही. चार पक्ष्यांच्या योगे त्यांना दाखवले जाते. श्रद्धा असूनही खातरजमा मागता येते, आणि ती मागणारा पैगंबर असू शकतो, ही गोष्ट आम्हांला फार धीर देणारी वाटते.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असे मात्र कोणी समजू नये. दखनीने मराठीकडून 'नको' घेतला आणि त्याचा 'नक्को' केला. जोर देणारा 'च'ही तिने मराठीकडूनच उचलला. अम्माच्या बोलण्यात हे सगळे असे. तिला लिहिता येत नसे. सहीच्या जागी ती अंगठा उठवी. पण आम्ही मोठमोठ्या ग्रंथांतून जे वाचले त्याचे सार तिच्या एका वाक्यात होते, त्याकडे पुढे येऊ.

श्रद्धेच्या निश्चितीला इस्लामी परंपरेत 'यकीन' म्हणतात. कुराणातील शब्दप्रयोगांवरून सूफींनी तिच्या तीन पायऱ्या मांडल्या: ज्ञानाने आलेले यकीन, डोळ्यांनी पाहून आलेले यकीन, आणि स्वतः त्यात उतरून आलेले यकीन. दृष्टान्त आगीचा देतात. कोणी सांगितले की पलीकडे आग आहे, ते पहिले. जाऊन ज्वाळा पाहिल्या, ते दुसरे. स्वतः होरपळलो, ते तिसरे. आमच्यासारख्या पुस्तकी माणसांचे यकीन बहुधा पहिल्या पायरीवरच बैठक मारून बसते आणि तिथून इतरांना मार्गदर्शन करते.

संकटातील सबराच्या कथा सांगताना वाझ लोक ज्या सफाईने सांगतात, ती सफाई मूळ कथांत नाही. अय्यूब पैगंबरांचे उदाहरण सर्वांना पाठ असते. संपत्ती गेली, मुले गेली, शरीर रोगाने पोखरले, तरी त्यांनी सबर सोडला नाही. पण कुराणातले अय्यूब गप्प बसत नाहीत. आपल्याला पीडा झाली आहे हे ते आपल्या पालनकर्त्याला सांगतात, आणि तरीही त्यांना सबर करणारा असेच म्हटले जाते. याकूब पैगंबरांचे तर त्याहून विलक्षण. यूसुफच्या रक्ताने माखलेला सदरा पाहून ते 'सुंदर सबर' धरण्याचे बोलतात, आणि त्याच अध्यायात पुढे रडून रडून त्यांचे डोळे पांढरे होतात. मुले त्यांना दोष देतात, तेव्हा आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे आपण अल्लाहपाशी मांडत आहोत, असे ते उत्तर देतात. ज्या सबराला सुंदर म्हटले तो डोळे जाईपर्यंत रडण्याला आड आला नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही कथा केवळ धार्मिक म्हणून बाजूला ठेवू नये. दुःख आणि धैर्य एकाच पात्रात, एकाच वेळी, एकमेकांना खोटे न पाडता कसे दाखवावे याचा तो वस्तुपाठ आहे.

यकीनाचीही एक कथा आम्हांला या संदर्भात महत्त्वाची वाटते. इसवी सन ६३२ च्या सुमारास मुहम्मद पैगंबरांचा इब्राहीम नावाचा तान्हा मुलगा वारला. पैगंबरांच्या डोळ्यांत पाणी आले. पाहणाऱ्यांना आश्चर्य वाटले, तेव्हा हे अश्रू म्हणजे दयेचे लक्षण आहे असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की पैगंबरांच्या मुलाच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. धर्म स्थापन करू पाहणाऱ्या कोणालाही असा चमत्कार आयताच मिळाला असता. पैगंबरांनी तो नाकारला. सूर्यचंद्रांना कोणाच्या जन्ममृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, असे त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले. पोटचे मूल गेलेले असताना, आकाशाने आपल्यासाठी शोक केला हे मधुर असत्य दूर सारणे याला आम्ही यकीन म्हणू. निश्चिती जितकी खोल, तितकी तिला खोट्या पुराव्यांची गरज कमी.

हे सारे आम्ही एकदा वर्गात सांगत होतो. निमित्त होते श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताने १६४५ मध्ये 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. अंतःकरणातल्या विकारांशी चालणाऱ्या झुंजीला त्यांनी ग्रंथाच्या नावातच 'संग्राम' म्हटले, हे सबराच्या अर्थाशी जवळचे आहे असे आमचे म्हणणे होते. तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. तिने विचारले, "सर, सबर नेहमी बायकांनाच का सांगतात? आणि गरिबांनाच का?"

प्रश्न बिनतोड होता. दलित साहित्याने सोशिकतेच्या गौरवामागची लबाडी उघडी केली, त्याला अर्धशतक उलटून गेले. मुस्लिम मराठी लेखकांनी हाच प्रश्न आपापल्या परीने विचारला आहे. मुस्लिम मराठी साहित्य परिषदेची स्थापना आणि १९९० मधील पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन या दोन्ही गोष्टी आमच्या सोलापुरातच झाल्या. २०१८ मध्ये निधन पावलेले प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चळवळीला वैचारिक बैठक दिली. त्यांचे एक आग्रही म्हणणे असे की मुसलमान माणूस धर्मग्रंथाच्या पानात राहत नाही. तो वस्तीत राहतो, यंत्रमागावर आणि बाजारात राहतो, आणि त्याला तिथेच जाऊन पाहिले पाहिजे. तेव्हा सबरही वस्तीत जाऊनच पाहिला पाहिजे.

आमच्या वस्तीत तो असा दिसे. अब्बा लवकर गेले. अम्माने चाळीस वर्षे विड्या वळून आम्हां चार भावंडांना वाढवले. सोलापुरात हजारो बायका हे काम करतात. पद्मशाली, मुसलमान, इतरही. सकाळी पाने भिजवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळायची, दोरा बांधायचा, जुड्या करायच्या, आणि कारखान्यात नेऊन जमा करायच्या. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली. कारखान्यात तपासणारा माणूस जुड्या चाचपतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो. त्याला 'छाट' म्हणतात. छाट निघालेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, संघटना झाल्या, संप झाले. तरी छाट हा प्रत्येक विडी कामगार बाईच्या रोजच्या जगण्यातला काटा राहिला.

घरात अम्मा सबराची मूर्ती होती. उपाशी राहण्याची तिला तक्रार नसे. तंबाखूच्या धुळीने छातीत भरलेल्या खोकल्याची नसे. आम्ही पोरे उलटून बोललो तरी नसे. पण कारखान्याच्या खिडकीपाशी ती दुसरीच बाई असे. छाट जास्त निघाली की ती एकेक विडी उचलून तपासणाऱ्यापुढे धरी आणि हिच्यात काय खोट आहे ते दाखव म्हणून अडून बसे. मागची रांग खोळंबे, बायका कुरकुरत, तो माणूस वैतागे. लहानपणी तिच्या पदराला धरून उभे असताना आम्हांला लाज वाटे. एकदा परतताना आम्ही तिला विचारले, की तूच तर सबर करायला सांगतेस, मग भांडतेस कशाला? त्यावर ती म्हणाली, "सबर बोले तो चुप बैठना नै."

हेच ते वाक्य. अल्लाहने दिलेले दुःख आणि माणसाने केलेला अन्याय यांत तिच्या मनात कधी घोटाळा झाला नाही. पहिल्यापुढे ती मान तुकवी, दुसऱ्यापुढे पाय रोवून उभी राही. आणि दोन्हींना ती एकच शब्द वापरी. रोखून धरणे हा जो धात्वर्थ कोशात आहे, तो तिच्या दोन्ही वागण्यांत होता. घरात ती स्वतःच्या तक्रारीला रोखून धरी आणि खिडकीपाशी समोरच्याच्या मुजोरीला.

हा अर्थ तिने कुठून घेतला असेल? आमची अटकळ अशी की मोहरममधून. महाराष्ट्रात मोहरमचे पंजे, सवाऱ्या आणि सरबत यांत हिंदू-मुसलमान दोघेही असतात, आणि करबलाची गोष्ट ज्याला नमाज नीट येत नाही त्यालाही येते. हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, हुसेन आणि त्यांचे मूठभर साथीदार फुरात नदीच्या काठी पाण्यावाचून कोंडले गेले. यझीदची सत्ता मान्य केली असती, तर पाणीही मिळाले असते आणि प्राणही वाचले असते. त्यांनी ती मान्य केली नाही. ज्या सबराचे उदाहरण म्हणून करबला शतकानुशतके सांगितली जाते, त्यात एक ठाम नकार आहे. तो वगळला की गोष्ट केवळ रडण्याची होते.

सोलापुरात बसून करबलाविषयी लिहावे आणि कुर्बान हुसेन आठवू नयेत, हे शक्य नाही. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली गेली, आणि इंग्रज सरकारने मार्शल लॉ पुकारला. त्या दिवसांत गांधी टोपी घालणेही शिक्षेस पात्र ठरले. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीतले होते. 'गझनफर' नावाचे वर्तमानपत्र ते चालवीत. गझनफर म्हणजे सिंह. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आजही शहर १२ जानेवारीला हार घालते, आणि त्याच दिवसांत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरते.

हुतात्म्यांच्या मनात शेवटच्या रात्री काय चालले असेल याची भावपूर्ण वर्णने करण्याचा मोह आपल्या लेखकांना नेहमी होतो. आम्ही तो टाळू. त्या तरुणाच्या नावात मात्र 'कुर्बानी' आणि 'हुसेन' हे दोन शब्द शेजारी शेजारी होते, आणि ते नाव कोणा आईबापांनी पाळण्यात ठेवले होते, एवढे आम्हांला पुरे आहे. मोहरममध्ये ऐकलेली गोष्ट एखाद्या गावात किती खोल उतरते, हे नावांवरून कळते. त्या चार नावांत या शहरातल्या चार समाजांच्या खुणा आहेत, म्हणून आम्ही वर्गात ती नेहमी एकत्रच घेतो.

इथे दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. धैर्याला यकीनाची गरज असते का? हमीद दलवाईंचे उदाहरण मराठी वाचकांसमोर आहे. 'इंधन'सारखी कादंबरी लिहिणारा, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारा हा बुद्धिवादी लेखक मूत्रपिंडाच्या विकाराने १९७७ मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. आजारपणातही त्यांनी काम सोडले नाही आणि मृत्यू समोर दिसत असताना परलोकाचा आधार शोधला नाही. त्यांच्या मतांशी कोणाचे कितीही मतभेद असोत, त्या सोसण्याला सबर म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? सहन करण्याची ताकद ही श्रद्धावंतांची खासगी मालमत्ता नव्हे, हे मान्यच केले पाहिजे.

मग यकीन अधिकचे काय देते? आमच्या समजुतीने उत्तर याकूबांच्या गाऱ्हाण्यात आहे. संकट टळेल याची हमी यकीन देत नाही. अय्यूबांना, याकूबांना ती वर्षानुवर्षे नव्हती. आपले म्हणणे कोणीतरी ऐकत आहे, याची निश्चिती ते देते. ज्याला ऐकणारा आहे त्याला गाऱ्हाण्याची जागा आहे, आणि म्हणून ते गाऱ्हाणे दारोदार नेण्याची त्याला गरज पडत नाही. बुद्धिवादी माणूस ही जागा स्वतःमध्येच घडवतो. ते अधिक कठीण असेल. अम्माला ती जागा जानमाजवर, फजरच्या अंधारात मिळे, एवढे आम्ही पाहिले आहे.

आता २०२० कडे येऊ. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, विडी कारखाने बंद पडले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूर शहरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि पेठांमागून पेठा सील होऊ लागल्या. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला, तो बंद मशिदींचा रमजान होता. तरावीहची नमाज घरोघरी झाली. काहींना वाटे की अल्लाहवर भरवसा असेल तर मशिदीत जायला भ्यायचे कशाला. उलेमांनी त्यांना जुना दाखला दिला. ६३९ मध्ये शाम प्रांतात प्लेग पसरला असता खलिफा उमर वाटेतूनच परत फिरले. अल्लाहच्या नियतीपासून पळता काय, असे अबू उबैदांनी विचारले, तेव्हा आपण एका नियतीकडून दुसऱ्या नियतीकडे जात आहोत, असे उमर म्हणाले. अबू उबैदा मात्र आपल्या सैन्यासोबत तिथेच राहिले आणि त्या साथीत मरण पावले. परतणारा आणि राहणारा दोघेही परंपरेला आदरणीय आहेत. साथीच्या गावात जाऊ नये आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नये, या पैगंबरांच्या शिकवणुकीत दोघांचेही स्थान आहे.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात अम्माला धाप लागली. दोन ठिकाणी खाट नाही म्हणून सांगण्यात आले; तिसऱ्या ठिकाणी दाखल करून घेतले. आत एकाच माणसाला सोडत, म्हणून आपा थांबली. आपा म्हणजे आमची थोरली बहीण. तीही विड्याच वळते. आम्ही रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभे राहून मोबाइलवर विचारपूस करत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आपाने सांगितले, की अम्मा बोलली. काय बोलली, म्हणून आम्ही अधीरपणे विचारले. मार्चपासून घरात पडून राहिलेल्या जुड्यांचे काय झाले, एवढेच तिने विचारले होते. कारखान्याने दिलेल्या पान-तंबाखूचा हिशेब विड्यांनी चुकता करायचा असतो. तो राहून गेला होता. "अमानत है," असे ती म्हणाली. तिच्या मुखातून आम्हांपर्यंत पोचलेला तो शेवटचा शब्द. ईमान आणि अमानत एकाच धातूची, हे आम्ही अनेकदा फळ्यावर लिहून दाखवले आहे.

त्या रात्री ती गेली. तपासणीत करोना निघाला नाही, म्हणून मय्यत घरी आणता आली. आपाने आणि शेजारच्या दोन बायकांनी गुस्ल दिले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. आम्ही तितकेही नव्हतो. चाळीस वर्षे जिने गल्लीतल्या प्रत्येक मय्यतीला खांद्यापर्यंत वाट करून दिली, तिच्या जनाजाला गल्ली दारांच्या फटींतून पाहत होती. तिसऱ्या दिवसाची जियारत घरातल्या घरात झाली.

सांत्वनाचे फोन मात्र थांबत नव्हते. नातेवाईक म्हणत, अल्लाह सब्र-ए-जमील अता करे. महाविद्यालयातले सहकारी लिहीत, ईश्वर तुम्हांला हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. दोन्ही वाक्ये ठरीव आहेत, आणि ठरीव असणे हा त्यांचा गुण आहे. अशा वेळी नवी वाक्ये सुचणाऱ्यांचे आम्हांला भय वाटते. पण त्यांतला फरक आम्ही त्या दिवसांत पुष्कळ घोळवला. मराठी वाक्य शक्ती मागते. दखनी घरातले वाक्य सौंदर्य मागते: याकूबांचा तो सुंदर सबर, जो रडू देतो.

एक हदीस या वेळी फार जवळची वाटली. कबरीपाशी आक्रोश करणाऱ्या एका बाईला पैगंबरांनी सबर करायला सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही; तुम्हांला माझ्या दुःखाची काय कल्पना, असे म्हणून तिने त्यांना झटकले. ते वाद न घालता निघून गेले. नंतर ओळख पटून ती त्यांच्या दारी आली, तेव्हा खरा सबर पहिल्या आघाताच्या क्षणी असतो, असे त्यांनी सांगितले. उपदेशक या कथेचा शेवट सांगतात. आम्हांला तिचा मध्य महत्त्वाचा वाटतो: दुःखी माणसाने झटकले, की पैगंबरही मुकाट्याने निघून जातात.

पहिल्या आघाताच्या क्षणी आम्ही काय केले? लिंबाखाली उभे राहून आम्ही मनातल्या मनात दाखले शोधत होतो. अय्यूब, याकूब, ग्रहण, सारे आठवले. मन मात्र जमा होत नव्हते. आपाला यांतले फारसे ठाऊक नाही. तिने अम्माचे डोळे मिटले, जे म्हणायचे ते म्हटले, आणि कफनासाठी कापड कुठले दुकान उघडून देईल याची चौकशी सुरू केली. आग पलीकडे आहे हे आम्हांला माहीत होते. ती आपा आतून पाहून आली होती. आमच्या त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचे, तर आता एवढे म्हणता येईल: सबर बायकांना आणि गरिबांना सांगितला जातो हे खरे, पण तो काय असतो हे त्यांनाच ठाऊक आहे, आणि सांगणाऱ्यांनी तो त्यांच्याकडून शिकावा.

कारखाने पुन्हा सुरू झाल्यावर आपा अम्माचे कार्ड आणि त्या जुड्या घेऊन गेली. सोबत आम्हीही गेलो. महिनोन्‌महिने पडून पाने कडक झाली होती, काहींतला तंबाखू झडला होता. तपासणाऱ्याने छाट काढायला सुरुवात केली. झडलेल्या विड्या आपाने निमूटपणे बाजूला सरकवल्या. तो हिशेब तिला मान्य होता. पुढे त्याचा हात चांगल्या जुड्यांकडे वळला, तेव्हा तिने एक विडी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, आणि हिच्यात काय खोट आहे ते दाखव म्हणाली. मागे रांग वाढत गेली. आम्ही तिच्याजवळ उभे होतो, आणि आम्हांला कसलीच घाई नव्हती.